शहाऐंशीची जागा

तालमीत स्वरलिपीतल्या शहाऐंशी क्रमांकाच्या जागेला वाद्यवृंद पुन्हा कोसळला. ही तिसरी वेळ. व्हायोलिनं एका बाजूला गेली, बासऱ्या दुसऱ्या बाजूला, आणि हार्वी माकीचा ट्रॉम्बोन वरात चुकलेल्या घोड्यासारखा एकटाच पुढे निघून गेला.

शेवटच्या बाकावर लॉर्ना टेसियर ऐकत बसली होती. स्टँडवरची सगळी पानं तिच्या हातची होती.

लॉर्ना तीस वर्षं पेपर मिलमध्ये यंत्रांचे नकाशे काढून निवृत्त झालेली. पाइन हार्बरच्या या हौशी वाद्यवृंदाची स्वरलिपी नव्यानं लिहून द्यायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. जुनी पानं तिला बघवेनात. संचालक आयनो राउतिओ यांनी स्वतः बांधलेली ही रचना एकतीस वर्षं दर शरदात वाजत होती आणि एकतीस वर्षांची कॉफी, पेन्सिली आणि खाडाखोड तिच्या पानांवर साचली होती. लॉर्नानं चार महिने खपून सगळा कचरा काढला. स्वरांमध्ये मोकळी जागा सोडली. ज्याला जिथं विश्रांती, तिथंच त्याचं पान संपेल असं बघितलं. आज पानं वाटल्याबरोबर पहिल्या व्हायोलिनची बर्नीस लाहती म्हणाली होती, "अगं बाई, इतकं स्वच्छ! इतकी वर्षं मी काय वाजवत होते कुणास ठाऊक."

राउतिओंनी छडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोष कुणाचाच नाही," ते म्हणाले. "मलाच आता अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली. पुढच्या रविवारी कार्यक्रमाला दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

कुणाला काही बोलायला सुचायच्या आत त्यांनी कोट चढवला आणि ते बाहेर पडले. खिडकीतून दिसत होतं, चर्चच्या अंगणात ते तळ्याकडे तोंड करून उभे होते. बाकीचे मान खाली घालून कॉफीच्या खोलीत गेले.

लॉर्नाला खात्री होती, चूक आपलीच. कुठंतरी एखादं टिंब सुटलं असणार. तिनं जुन्या पानांचं खोकं ओढलं, नवी पानं शेजारी मांडली आणि शहाऐंशीची जागा एकेक करून ताडून बघितली. तीन मात्रांची चाल तिथं पाच मात्रांवर जात होती. जुन्यात तीन नि पाच, नव्यातही तीन नि पाच. एक टिंब इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

मग तिचं लक्ष पेन्सिलीकडे गेलं.

बर्नीसच्या जुन्या पानावर त्या जागेला लिहिलं होतं, "वर बघायचं नाही." बासरीच्या पानावर, "मान खाली!!" ड्रमवाल्यानं मिटलेला डोळा काढला होता. आणि हार्वीनं तर सविस्तरच लिहून ठेवलं होतं, "म्हातारा पाचाला चारच देतो. कान बर्नीसकडे, डोळे बुटांकडे."

सव्वीसच्या सव्वीस पानांवर काही ना काही होतं. लॉर्नानं ते कचरा म्हणून गाळलं होतं.

बर्नीस तिच्यासाठी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली. लॉर्नानं पान तिच्या नाकासमोर धरलं.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? कागदावर होतंच की."

"पण एकतीस वर्षांनी तरी तोंडपाठ असायला हवं ना!"

"पाठच होतं गं. पण तुझी पानं इतकी मोकळी, की वाजवताना डोळ्यांना काही कामच उरलं नाही." बर्नीसनं पाव कॉफीत बुडवला. "मग बघितलं आम्ही वर."

"मी जाऊन त्यांना खरं काय ते सांगते."

"खबरदार! स्वतः रचलेलं स्वतःलाच मोजता येत नाही, हे या वयात त्यांच्या तोंडावर सांगणार? त्यापेक्षा घरी बसलेले बरे."

बर्नीस कॉफीच्या खोलीत परत गेली. लॉर्नानं पर्समधून पेन्सिल काढली. आयुष्यात कधी तिनं पुरा झालेल्या नकाशावर रेघ ओढली नव्हती. पहिल्या पानावर लिहिताना तिला स्वतःच्याच भिंतीवर कोळसा फासल्यासारखं वाटलं. वर बघू नका. वर बघू नका. एका स्टँडवरून दुसऱ्या स्टँडवर जात ती हार्वीच्या पानापर्यंत पोचली, तेव्हा मागून आवाज आला.

"जरा ठळक लिही. हार्वीला बारीक अक्षर दिसत नाही."

दारात राउतिओ उभे होते. लॉर्नाच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"मिस्टर राउतिओ, हे म्हणजे... तसं काही नाही..."

"अगं, पहिल्या वर्षापासून वाचतोय मी ते. तालीम संपली की पानं गोळा कोण करायचं? मीच." त्यांनी वाकून पेन्सिल उचलली आणि तिला दिली. "ते वर बघत नाहीत म्हणून तर मी तिथं बिनधास्त हात हलवतो."

"तुम्हाला माहीत होतं? मग सोडून कशाला निघालात?"

राउतिओंनी कोट काढला, खुंटीला अडकवला आणि कॉफीच्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला.

"एकतीस वर्षांत आज पहिल्यांदाच सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं, बाई. माझी पाचावर धारण बसली!"