लेकीची अंगाई

उमरग्याच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या शिवशंकरनं आपलं गाणं टीव्हीच्या जाहिरातीत येणार म्हणून शेजाऱ्यांना घरी बोलावलं. जाहिरात लागली आणि त्याची बायको वर्षाराणी जागीच थिजली. त्यांच्या गेलेल्या लेकीची, शिवांजलीची अंगाई होती ती, वर्षाराणीनंच रचलेली. लेकीच्या नावाच्या जागी तेवढं साबणाचं नाव घातलं होतं. शेजारी टाळ्या वाजवू लागले.

"मला एका शब्दानं इचारायचं तरी," ती म्हणाली.

"तू न्हाय म्हणली असतीस. म्हणून तर इचारलं न्हाय," म्हणत त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढं ती जाहिरात घरोघर वाजत राहिली. एका दुपारी घरात कुणी नसताना वर्षाराणीनं लेकीच्या आठवणीनं अंगाई म्हणायला घेतली, तर तिच्या तोंडून साबणाचंच नाव निघालं.