विरघळणारं पाकीट

लेकीच्या हाती लागेल ती वस्तू आधी स्वतः तपासणारी ती, एका बाबतीत मात्र अगदी निर्धास्त होती. समुद्री शेवाळापासून खाऊची पाकिटं बनवणाऱ्या कारखान्यात नवरा कामाला होता आणि घरी कुणीही आलं, की खिशातला तुकडा चावून गिळून दाखवायचा. "प्लास्टिक नाही हो, पोटात गेलं तरी विरघळतं!"

आज लेकीने बिस्किटाच्या पाकिटाचा कोपरा दाताने तोडला, तशा सासूबाई ओरडल्या.

"असू द्या हो आई, तिच्या बाबाच्याच कारखान्यातलं आहे," ती हसत म्हणाली.

तेवढ्यात आत आलेला नवरा लेकीच्या तोंडात बोट घालत किंचाळला,



"अगं, गिळलं की काय तिने? शेवाळाचं फक्त दाखवायला असतं!"