तीनशे बारा पेट्या

"साहेब, मुदत संपलेली इंजेक्शनं पाठवतोय आपण," प्रोग्रामर म्हणाला.

औषध कंपनीच्या मॅनेजरने सँडविच चावता चावता मान हलवली. कीबोर्डवर सांडलेला अंड्याचा तुकडा त्याने बोटाने टिपून परत तोंडात टाकला.

"फॉर्म तारीख तपासतो ना रे? तूच लिहिलायस."

"फॉर्ममधून आलेलं आपला जावा प्रोग्राम आपोआप तपासतो. गोदामाची फाइल मागच्या दाराने आत घुसते. तिथे तपासणीला आपणच हाक मारावी लागते. चार वर्षांत कुणी मारलेली नाही."

"मग मारू नकोस. माल अडकला तर मालक माझं कातडं सोलेल."

प्रोग्रामरची आई नऊ दिवसांपासून हॉस्पिटलात होती. तिथे औषधं याच कंपनीची जायची. काल तिच्या उशाशी इंजेक्शनची बाटली होती. मुदत आठ महिन्यांपूर्वी संपलेली, तळाशी पिवळट गाळ. ती त्याने कचऱ्यात फेकली, पण आधीच्या बाटल्यांचं काय?

तो जागेवर बसला. प्रत्येक पेटीची नोंद तपासणीच्या हवाली करणारी ओळ लिहिली आणि चालवली.

तीनशे बारा पेट्या नापास. एक तर सात वर्षांपूर्वीची.

शेजारच्या टेस्टर मुलीने तोंडाला रुमाल लावला. "शी! हे माणसांना टोचायचं?"

"लाज विकून खाल्लीय यांनी," तो मॅनेजरला ऐकू जाईल असं म्हणाला.

"पण दादा, हे अडवत नाहीये. फॉर्म कसा तिथल्या तिथे हाकलून देतो!"

"आपण स्वतः तपासलं की चुकांची नुसती यादी हातात येते. पुढे काय करायचं ते आपण लिहायचं."

"मग लिहा ना पटकन. आईंसाठी तरी."

त्याने लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही.

मॅनेजर मागे येऊन उभा राहिला. वाचता वाचता त्याचं चावणं थांबलं. मग त्याने तेलकट हाताने प्रोग्रामरची पाठ थोपटली.

"एवढंच होतं तर आधी बोलायचंस की, शहाण्या!"

टेस्टर मुलगी हसत स्क्रीनकडे वाकली. दोनच ओळी होत्या.

चुकांच्या यादीत नसलेल्या पेट्या : आईचं हॉस्पिटल.

यादीतल्या पेट्या : अनाथाश्रम.