सक्तीचा अबोला
हात थरथरायला लागले तेव्हापासून घड्याळजीचं दुकान बंद होतं. मेंदूत बारीक तार बसवली, वीज सुरू झाली आणि हात स्थिरावले; जीभ मात्र जखडली. डॉक्टर म्हणाले, "वीज चेतापेशींना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केरकचरा काढणाऱ्या आधारपेशींनाही जागं करते. त्या सावकाश रुळतात. जीभ कधी सुटेल, सांगता येत नाही." "म्हणजे डोक्यातही बायकाच राबतात!" बायको म्हणाली. तीस वर्षांत तिचा एकही टोमणा त्याने बिनउत्तर जाऊ दिला नव्हता. आज तोंडातून फक्त लाळ आली. घरी त्याने जुन्या पावतीमागे मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "वीज बंद कर. मला भांडायचंय." तिने तारेतली वीज चालू-बंद करायच्या रिमोटच्या बटणावर अंगठा ठेवला. त्याची नजर खुंटीवरच्या दुकानाच्या किल्ल्यांवर गेली. त्याने तिचा अंगठा बाजूला सारला आणि खाली लिहिलं, "आता माझ्या वाटणीचंही तूच भांड."