जाळीपलीकडचा कॅप्टन

“कार्ड दाखवा. तिथूनच,” वर्षाली जाळीच्या दारामागून म्हणाली.

बाहेरच्या माणसाने मुकाट्याने ओळखपत्र काढून जाळीला टेकवलं. कॅप्टन धनंजय. फोटो त्याचाच होता. पण आजकाल झेरॉक्सच्या दुकानात काय लॅमिनेट करून मिळत नाही? अंगात साधा चेक्सचा शर्ट, मागे रस्त्यावर भाड्याची गाडी. केस तेवढे बारीक कापलेले. तेवढं तर कोणीही करतो.

“मी कैलास यांच्याच युनिटचा, वहिनी. सुटीवर घरी चंद्रपूरला चाललोय. जामच्या फाट्यावरून मुद्दाम इकडे वळलो.”

“काम काय?”

“तुमचे आणि बाळाचे दोन-दोन फोटो हवेत. आधारची प्रत. आर्मी कँटीनचं नवीन कार्ड करायचंय.”

“कार्ड आहे आमच्याकडे. मागच्याच वर्षी झालंय.”

“ते आता चालणार नाही.”

वर्षालीने दाराची कडी पुन्हा एकदा चाचपली. फोटो आणि आधार! जवानांच्या बायकांच्या ग्रुपवर महिनाभर हेच फिरत होतं. फौजी असल्याचं सांगतात, गोड बोलतात, कागद नेतात आणि तुमच्या नावावर भलतीच सिमकार्डं निघतात. तिने ते मेसेज दोनदा-दोनदा वाचले होते, सासूलाही वाचून दाखवले होते.

सासूला मात्र त्याचं काही नव्हतं. “अवं, उनात काऊन उभं ठेवलं त्या पोराले?” जयवंताबाई पाण्याचा गडू घेऊनच आल्या. “आपल्या कैलासच्या गावचा... नाई, पलटणीचा मानूस हाये ना थो!”

“आई, तुम्ही थांबा जरा. असंच म्हनत येतेत सगळे.”

कडेवरची स्वीटी जाळीच्या भोकांतून बोटं घालून त्याच्याकडे पाहून हसत होती. वर्षालीने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग फोन काढून नवऱ्याचा, कैलासचा नंबर लावला. बंद. नऊ दिवसांपासून बंदच होता.

“वर पोस्टवर बर्फ पडलाय. टॉवर गेलाय,” तो माणूस म्हणाला.

सोयीचं आहे, तिच्या मनात आलं. आणखी एक शंका मघापासून उंबऱ्याशी ताटकळत होती, पण तिला वर्षाली आत घेत नव्हती. नऊ दिवस फोन बंद, आणि युनिटचा अधिकारी स्वतः दारात! अधिकारी स्वतः दारात कशासाठी येतात, हे फौजीच्या बायकोला कोणी शिकवावं लागत नाही. त्यापेक्षा हा चोर निघालेला परवडला.

“घाई नाही, वहिनी,” तो घाम पुसत हसला. “साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, दार सहजासहजी उघडणार नाही म्हणून.”

“कोणत्या साहेबांनी?”

“कैलास साहेबांनी.”

सापडला!

वर्षालीला एकदम हलकं वाटलं. कैलास सुटीवर आला की तिला फौजेतल्या रीतीभाती सांगत बसे. एकदा आंघोळीहून येताना कंपनी कमांडरचा फोन आला, तर ओल्या टॉवेलवरच सावधानमध्ये उभा राहून “जय हिंद, सर” म्हणाला होता. सासू पदर तोंडाला लावून हसत सुटली होती. त्यानेच सांगितलेलं: अधिकाऱ्याला सगळे सर म्हणतात. आणि अधिकारी? तो जवानाला नावाने हाक मारतो, हवालदारालाही नावानेच. साहेब म्हणतो ते फक्त नायब सुभेदारापासून पुढच्यांना. कैलास हवालदार होता. चोराने सगळा अभ्यास केला आणि नेमका इथे घसरला.

“आई, शेजारच्या नत्थूजीले आवाज द्या. मी पोलिसाले फोन लावतो.” तिचा आवाज आता जरासुद्धा कापत नव्हता. ती जाळीजवळ सरकली. “काय हो कॅप्टन, कोणत्या फौजेत कॅप्टन हवालदाराला साहेब म्हणतो?”

तो माणूस गडबडला नाही. पळालाही नाही. तिच्याकडे पाहतच राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“म्हणजे निरोप तुमच्यापर्यंत पोचलाच नाही,” तो म्हणाला.

वर्षालीने स्वीटीला इतकं घट्ट धरलं की ती रडायलाच लागली. जयवंताबाईंच्या हातातल्या गडूतलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं.

“काय... काय निरोप?”

बाहेरच्या माणसाच्या टाचा आपोआप जुळल्या.

“सोमवारी सकाळी मी माझ्या हाताने त्यांच्या खांद्यावर नायब सुभेदाराचा स्टार लावला, वहिनी. तोवर मीही त्यांना नुसतं कैलासच म्हणत होतो.”