वळसा

यंत्र आज थांबलंच नाही. सरळ गवताच्या पुंजक्यावरून गेलं.

नाथू हातातला पाइप टाकून धावला. पुंजक्यात सशाची दोन पिल्लं होती. एक गेलं होतं. दुसऱ्याचा कान फाटला होता, पण धुगधुगी होती. नाथूच्या बायकोने, धोंडूबाईने, ते उचलून पदरात घेतलं.

नाथूचं डोकंच चालेना. कुडपणच्या या बंगल्याची राखण नवरा-बायको करत. मालक विनीतसाहेब मुंबईला. हिरवळ कापायला त्यांनी हे आपोआप फिरणारं, पाटाएवढं यंत्र आणलं, तेव्हा नाथूने नाक मुरडलं होतं. पण ते साधा बेडूक दिसला तरी थांबायचं. पिल्लांना तर रोज वळसा घालायचं; तेवढाच पुंजका हिरवळीत वाढला होता. येईल-जाईल त्याला नाथू तो कौतुकाने दाखवायचा. मग आजच काय बिघडलं? आज दसरा. कोयता, विळा, कुदळ पूजा घेऊन घरात निवांत पडलेली. या एकट्यालाच सणाची सुट्टी नव्हती; साहेबांनी लावून ठेवलेल्या वेळेला ते आपलं निघालं.

"आसं कसं केलं गो यानं?"

"मला तरी काय म्हायती?" धोंडूबाई रडत म्हणाली. "सकाळीच पाया पडून सांगितलं त्याला, माज्या पिल्लांना सांभाळ म्हणून."

नाथूने साहेबांना फोन लावला. तेही गोंधळले. "पुढच्या काचेवर काही लागलंय का बघा. त्या काचेतूनच त्याला दिसतं. ती झाकली गेली तर ते आंधळंच."

नाथूने यंत्र उचलून फिरवलं. काच दिसतच नव्हती. तिच्यावर हळदकुंकवाचा जाड थर होता, वर अक्षता चिकटलेल्या. यंत्राचं कपाळ म्हणून धोंडूबाईने नेमकी तीच जागा धरली होती.

हे तिला कळलं, तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल.

मागे ती ओलं बोट पिल्लाच्या तोंडाशी धरून बसली होती.

"अवो, काय हाय तिथं?"

नाथूने तिच्याकडे पाठ केली. ओल्या गवताने काच पुसली, पुन्हा पुसली.

"चिखल हाय," तो म्हणाला.