बंद राहिलेली तपासणी

"दोनच मिनिटं, आई. एक्सएमएल फायलींची तपासणी चाचणीपुरती बंद केलीय. तेवढी सेटिंग सुरू करते नि येते," केतकी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली.

"सवाष्ण उंबऱ्यात उभी आणि सूनबाई त्या डबड्यापुढं बसल्यात! ऊठ आधी, हळदकुंकू लाव," गोदाक्का कडाडल्या. केतकी उठली. पाठोपाठ आणखी चारजणी आल्या आणि सेटिंग तशीच राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन आला. इस्पितळाच्या प्रयोगशाळेकडून येणाऱ्या फायलीत पेशंटचं नाव नसेल तर ती अडवायची, एवढंच त्या तपासणीचं काम. ती बंद होती म्हणून बिननावाचे रिपोर्ट थेट डॉक्टरांपुढं गेले. कुणाचा कुठला, कळेना. आता चाळीस आजाऱ्यांचं रक्त पुन्हा काढायचं होतं. त्यांत सात तान्ही पोरं.

"हे झालंच कसं?" फोनच्या स्पीकरवरचा साहेबांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

"माझीच चूक, सर," केतकी म्हणाली. सासूचं नाव तिनं काढलं नाही.

गोदाक्कांच्या हातातली पळी थांबली. सुनेनं नाव घेतलं असतं, तर भांडून तिला त्यांनी पुरती गप्प केली असती. पण तिनं तर त्यांना झाकून घेतलं होतं. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि फोनजवळ वाकल्या.

"साहेब, पोरगी काम करत होती. मी उठवली तिला. काय बोलायचं ते मला बोला."